शत्रूच्या घरातला हिवाळा

मी जपानी शिकवते. वर्गात माफी मागण्याचा धडा आला की ‘द लास्ट सामुराई’ (२००३) मधला एक प्रसंग हमखास आठवतो. जपानच्या सरकारी सैन्याला शिकवायला आलेला अमेरिकन कॅप्टन नेथन अल्ग्रेन बंडखोर सामुराईंचा युद्धकैदी आहे आणि राहतोय ताकाच्या घरात. तिच्या नवऱ्याला लढाईत त्यानेच मारलंय. भावाच्या, म्हणजे बंडखोरांचा म्होरक्या कात्सुमोतोच्या, आज्ञेखातर ती त्याची शुश्रूषा करते, रोज त्याला जेवायला वाढते. बर्फाने खिंडी बंद, सुटका नाही. बऱ्याच दिवसांनी तो अडखळत, मोडक्या जपानीत, नवऱ्याचं नाव घेऊन माफी मागतो. ती म्हणते, त्यांनी त्यांचं कर्तव्य केलं, तुम्ही तुमचं. ताका झालेल्या कोयुकीचा चेहरा तेव्हा जेमतेम हलतो, पण सगळा हिवाळा त्यात दिसतो.

दिग्दर्शक एडवर्ड झ्विक यांचा हा चित्रपट २ तास ३४ मिनिटांचा आहे, आणि माझ्या मते त्याचा जीव या गावातल्या भागात आहे. अल्ग्रेन तिथे शिकवायला नाही, शिकायला बसलेला असतो. पावसात उजिओ या सामुराईकडून लाकडी तलवारीचा मार खातो, पडतो, पुन्हा उभा राहतो. टॉम क्रूझ इथे मनापासून आवडला. केन वातानाबेंचा कात्सुमोतो तर नुसता बसला तरी खोली भरून जाते.

इतिहास मात्र इतका सरळ नव्हता. कात्सुमोतो हे पात्र साइगो ताकामोरी या खऱ्या सामुराई नेत्यावर बेतलेलं आहे. त्यांचं बंड १८७७ चं, २४ सप्टेंबरला कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर संपलेलं. त्यांच्या माणसांकडे बंदुका होत्या, तोफाही होत्या. दारूगोळा संपत आला तेव्हा शेवटी तलवारीच उरल्या. सामुराईंच्या रागात बंद झालेल्या तनख्यांचा वाटा होता, १८७६ च्या तलवारबंदीचाही. चित्रपटाने हे सगळं गाळून फक्त इभ्रत ठेवली. अल्ग्रेनसारखा जपानी युद्धात उतरलेला परदेशीही खरोखर होऊन गेला: फ्रेंच अधिकारी ज्यूल ब्रुने. तो १८६७ मध्ये शोगुनच्या (तेव्हाच्या लष्करी शासकाच्या) फौजेला कवायत शिकवायला आला आणि परतीचा हुकूम मोडून उत्तरेतल्या हाकोदातेपर्यंत लढला. त्याची लढाई आधुनिक शस्त्रांनीच झाली.

मला जास्त खटकतं ते सरकारी सैन्यातल्या पोरांचं. सुरुवातीला एक रंगरूट बंदूक भरताना थरथरतो, तो प्रसंग जबरदस्त आहे. पुढे ही सगळी पोरं बिनचेहऱ्याची होतात आणि शेवटी कात्सुमोतोपुढे गुडघे टेकतात. सक्तीच्या भरतीत आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना सामुराईंबद्दल काय वाटत असेल, हे चित्रपट विचारतच नाही. सगळे पडतात आणि अल्ग्रेन तेवढा वाचतो, तेही मला पटलं नाही.

आणि तो म्हातारा पहारेकरी! कैद्याच्या मागे मुकाट चालणारा. ते सेइझो फुकुमोतो. जपानी ऐतिहासिक चित्रपटांत नायकाच्या तलवारीने मरण्यातच त्यांची कारकीर्द गेली. इथेही ते मरतात, पण या वेळी दुसऱ्याला वाचवताना.

डब केलेली आवृत्ती घेऊ नका. मूळ आवाज आणि खाली सबटायटल्स, असाच बघा. डबिंगमध्ये सगळेच एक भाषा बोलतात. मग ती माफी मागायला त्याला किती महिने शब्द गोळा करावे लागले, ते ऐकूच येत नाही.