एटिमऑनलाइन : फुकटात उत्तम, पण तारखा जपून वाचा

इंग्रजी शब्दांची कुळं सांगणाऱ्या या साइटची परीक्षा घ्यायची तर 'नाइस' शोधून बघा. मुळात लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे न जाणणारा : 'ने' हा नकार आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. फ्रेंचमार्गे तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला तो चक्क 'मूर्ख' या अर्थानं. पुढे भित्रा, मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं करत 'छान' व्हायला १७६९ उजाडलं आणि 'प्रेमळ' व्हायला १८३०. 'अ नाइस डिस्टिंक्शन', म्हणजे बारीक भेद, म्हणताना अजून तो जुना 'काटेकोर' अर्थच चालतो. एवढा प्रवास एका परिच्छेदात, तोही नाव न नोंदवता, पैसे न भरता. साइट उभारणाऱ्या डग्लस हार्पर यांचं हे काम थोरच म्हणायचं.

घोळ होतो तो खुणांपाशी. 'सी' हे अक्षर आकड्याच्या मागून आलं तर शतक, आधी आलं तर 'सुमारे'. १४ पुढे सी म्हणजे चौदावं शतक, म्हणजे तेराशेची सालं; सी पुढे १४०० म्हणजे १४०० च्या आसपास. इथे शंभर वर्षांची चूक सहज होते. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेनं बांधलेलं आहे. शिवाय साल हे पहिल्या लेखी नोंदीचं असतं. बोलण्यात शब्द त्याआधीपासून असू शकतो.

खरी उणीव म्हणजे कोणत्या ग्रंथात, कोणत्या वाक्यात तो अर्थ आला ते बहुतेक नोंदींत मिळत नाही. त्यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच हवी, आणि तिची वर्गणी खिशाला जड जाते. एखादं मोठं ग्रंथालय ती घेत असेल तर तिथून बघावी.

आपल्याकडून गेलेल्या शब्दांबाबत साइट जरा हात राखूनच बोलते. 'मंगूज'खाली आपलं मुंगूस भेटतं, पण 'कदाचित पोर्तुगीजमार्गे', 'बहुधा द्राविडी' असं करत. 'गूज' म्हणजे हंसाशी त्याचा संबंध नाही, हे मात्र स्पष्ट सांगितलंय. अशा वेळी शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी कोश आणि इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा जुना कोश 'हॉब्सन-जॉब्सन', दोन्ही फुकट उघडतात; मराठी बाजू तिथे ताडून घ्यावी.