सतराशे साठ रुपयांचे सोळा नट

गेली बावीस वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्वालिटीला आहे. आटे तपासण्यावर माझं पोट चालतं. नटाला प्लग गेज, बोल्टला रिंग गेज, म्हणजे आटा तपासायची मापं; गो जायला पाहिजे, नो-गो अडायला पाहिजे, नाहीतर लाल टॅग. अशा माणसाला एका टायरवाल्यानं चुकीच्या आट्याचे नट विकले. एकदा नव्हे, दोनदा पैसे घेतले. घरी अजून अर्धाच आकडा सांगितलाय, म्हणून नाव न घालता लिहितोय.

माझी सुझुकीची बलेनो साध्या डिस्कची, म्हणजे लोखंडी चाकांची. अलॉय, म्हणजे हलक्या धातूची शोभेची चाकं, घालायची हौस पोराची, पण खरं सांगायचं तर माझीही. हायवेला लागून असलेल्या एका दुकानात ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीचे उतरवलेले चार अलॉय होते, १८,००० ला. "साहेब, सेम टू सेम बसतंय," तो म्हणाला. आणि तिथंच माझी दांडी उडाली, कारण ते खरंच बसतं. दोन्ही गाड्यांना चार भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ५४.१. मी मोबाइलवर बघून खात्री केली आणि स्वतःवर खूश झालो. नटाचं बघितलंच नाही. नट ज्या आट्याच्या दांड्यावर बसतो तो स्टड; सुझुकीचा एम१२ × १.२५, ह्युंदाईचा एम१२ × १.५. बारा म्हणजे बाहेरचा व्यास, तो दोघांचा एकच. पुढचा आकडा म्हणजे पिच, एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचं अंतर. नुसत्या डोळ्यांना दोन्ही नट जुळे भाऊ दिसतात.

"जुने नट गंजलेत, क्रोमचे घाला, अलॉयला शोभतंय." सोळा नट, ११० चा एक, १,७६०. फिटिंग-बॅलन्सिंग ६००. एकूण २०,३६०, दुकानाच्या नव्हे तर कुणाच्या तरी स्वतःच्या नंबरवर यूपीआयनं. पावती म्हणजे वहीच्या कागदावर "मॅग सेट" (मॅग म्हणजे अलॉय) आणि खाली आकडा. जीएसटी नंबर मागितला तर "बिल पाहिजे तर अठरा टक्के वर". मी गप्प बसलो. हे तुमच्यापैकी कितीजण करतात ते मला माहीत आहे, तेव्हा मला शिकवू नका.

आता तो क्षण. दुकानातलं पोरगं पहिला नट हातानं फिरवत होतं. एक फेरा, दुसरा फेरा, आणि नट अडला. त्यानं मालकाकडं बघितलं, मालकानं मान हलवली, आणि पोरानं सरळ हवेची गन लावली. कर्रर्र आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. आमच्या कारखान्यात असा आवाज आला की मी चहा टाकून पळतो. प्रत्येक फेऱ्याला पाव मिलिमीटरचा फरक पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आटा आट्यावर चढतो, पुढं गन जे करते त्याला आवळणं म्हणत नाहीत, खरवडणं म्हणतात. मला हे सगळं माहीत होतं आणि मी हातात कटिंग चहा घेऊन उभा होतो. रविवार होता, मागं तीन गाड्या थांबलेल्या, फोनवर साडू होता. वर मनात एक लाज, की एवढ्या लोकांत "थांब रे, नट बघू दे" म्हणालो तर चिक्कू वाटेन. त्या लाजेची किंमत पुढं येतेच आहे.

नट कधीही हातानं पाच-सहा फेरे सहज गेला पाहिजे. नाही गेला तर गनला हात लावू देऊ नका, मग मालक कितीही हसू दे.

अकराव्या दिवशी साताऱ्याला निघालो. किणी टोलनाक्याच्या पुढं डावीकडून ठक ठक. उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट बोटानं फिरत होते आणि तिसरा जागचा हलत नव्हता. गाडीत बायको, आई, पोरगं. तीसच्या स्पीडनं परत आलो. तुम्ही म्हणाल टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेला जोर झाला की क्लिक देणाऱ्या पान्यानं, तपासायचं होतं. आटा चढलेला असला की रेंचही क्लिक देतो आणि फसवतो. नट घट्ट लागतो तो घासून, चाक दाबून धरलेलंच नसतं.

शॉकअबवर तेल मारून "गळतंय" म्हणणारे, पंक्चर एक असताना चार दाखवणारे तुम्हाला ठाऊकच आहेत. हा त्याच जातीचा, फक्त जास्त गोड. "साहेब, तुमचे स्टड जुने, आटे गेलेत. नशीब इथं आला." पुढच्या दोन्ही चाकांचे आठ स्टड बदलले, मजुरीसकट ३,८००. मी दिले. वर आभारही मानले.

सोमवारी कंपनीत राहावलं नाही, एक नट काढून नेला. १.२५ चा गेज तोंडालाच अडला. १.५ चा लोण्यासारखा गेला. मग कळलं त्यानं काय केलं होतं: नट चुकीचे म्हणून बदलायच्या ऐवजी पुढं स्टडच १.५ चे ठोकले. मागं अजून १.२५ चे, त्यावर तेच नट, खरवडलेले. एका गाडीत दोन पिच. स्टेपनी लावायची वेळ रात्री घाटात आली असती तर? गेज नसेल तर साधी फूटपट्टी घ्या, दहा आट्यांचं अंतर मोजा: साडेबारा मिमी भरलं तर १.२५, पंधरा भरलं तर १.५. होंडा, ह्युंदाई सहसा १.५, सुझुकी १.२५. फोक्सवॅगन-स्कोडाला नट नसून बोल्ट असतात, एम१४ × १.५, आणि त्यांची बैठक, म्हणजे चाकावर टेकणारा भाग, गोल, शंकूसारखी नाही. बैठकही जुळवा, नुसता आटा जुळून भागत नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये सोळा स्टड, सोळा नट, मजुरी धरून ६,४५० गेले. म्हणजे एकूण ३०,६१०. अलॉय तेवढे पदरात राहिले, बाकी १२,६१० पाण्यात.

मग पोलीस ठाणं. "नटाची तक्रार?" म्हणून हवालदार हसला आणि शेजारच्याला बोलावून परत वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी "दिवाणी बाब आहे". अर्ज ठेवून घ्या, पोच द्या म्हटलं तर शिक्का कपाटात आणि चावी साहेबांकडं. वाहतूक शाखेनं आरटीओकडं पाठवलं. तिथल्या खिडकीत उत्तर आलं की आमचा संबंध पासिंगशी, नट गाडीच्या मालकानं बघायचे. काळी काच दिसली की दीडशे मीटरवरून शिट्टी मारता, नंबरप्लेटचा फॉन्ट मोजता, आणि महामार्गावर चाक निखळायची सोय करून देणारा माणूस तुमच्या नाकासमोर दुकान थाटून बसलाय तो कुणाच्याच खात्यात येत नाही? माणूस मेला की मात्र सगळी खाती पंचनाम्याला हजर.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद आहे, तो वहीचा कागद आहे, आणि पिशवीत खरवडलेले स्टड. जुना भाग दुकानात टाकून येऊ नका. मी आलो होतो.

कारण माझे मूळचे सोळा नट, जे त्या अलॉयला तसेच्या तसे चालले असते, ते त्यानं "भंगार आहे साहेब" म्हणून ठेवून घेतले होते. भांडायला गेलो तेव्हा तेच मागितले. जॅकवर एक स्विफ्ट चढवलेली होती. तो गनवरून मान वर न करता म्हणाला, "कुठले नट?"