दांडिया बाजारातले फ्रेमवाले काका: पाचपैकी साडेचार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लग्नाचे फोटो फ्रेम करणाऱ्यांसाठी नाहीये, म्हणजे काका तेही करतात, पण माझं काम जरा वेगळं होतं. मी बडोद्यातल्याच एका रिसर्च सेंटरमध्ये आहे, धातू आणि कोटिंगवाले लोक, आणि दोन वर्षांपासून तिथला आर्ट प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलाय. दरवर्षी एक आर्टिस्ट तीन महिने लॅबमध्ये येऊन बसतो आणि शेवटी कॉरिडॉरमध्ये प्रदर्शन. ऐकायला भारी वाटतं, पण माझा निम्मा वेळ खिळे, तारा, काच आणि तीन कोटेशनं यातच जातो. मीटिंगमध्ये कोणीतरी होमी भाभांचं नाव काढतंच, की ते स्वतः चित्रं काढायचे आणि मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये हुसेनचं म्युरल आहे, मग दुसरं कोणीतरी जिनिव्हाच्या सर्न या फिजिक्सच्या लॅबमधला नटराज काढतं, जो भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिला, सगळे माना डोलावतात, आणि शेवटी अकाउंट्सवाले विचारतात की मॅडम, फ्रेमचा खर्च कुठल्या हेडमध्ये टाकायचा. भाभांना हे कोणी विचारलं असेल का कोण जाणे.

तर यंदाची आर्टिस्ट आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्सचीच पासआउट, प्रिंटमेकिंगवाली. तिला आवडले ते आमचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो. हे फोटो काळे-पांढरेच येतात, कारण तिथे उजेड नसतो, इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांना कुठला आलाय रंग. पेपरात रंगीबेरंगी दिसतात ते नंतर कॉम्प्युटरवर भरलेले रंग. ती म्हणाली रंग नको, आहेत तसेच लावूया. मी खूश, खर्च वाचला.

मग मी शहाणपणा केला आणि एका मोठ्या, चकाचक प्रिंटिंगवाल्याकडे बारा फोटो दिले. त्यांनी चांगले दोन-दोन फूट रुंद काढून दिले, सगळे धुरकट, आणि वर फोटोच्या खालची काळी पट्टी कापून टाकली. का, तर नीट दिसत नव्हती म्हणून. अहो त्या पट्टीतच सगळं असतं! किती किलोव्होल्ट, किती मोठं केलंय आणि मुख्य म्हणजे स्केल बार, म्हणजे फोटोत एवढी लांबी खरी किती ते सांगणारी रेघ. तिथे ५००० पट असं लिहिलेलं असतं ना, ते एका ठरलेल्या साइझपुरतंच खरं, प्रिंट मोठा काढला की तो आकडा खोटा पडतो, पण स्केल बार फोटोबरोबर वाढतो, म्हणून तोच कामाचा. आमच्या लॅबमधल्या सायंटिस्ट मॅडम प्रिंट बघून एवढंच म्हणाल्या, "बार नसेल तर हा ढग पण असू शकतो आणि पोळी पण."

पुन्हा छापायला वेळ नव्हता, निदान मला तसं वाटत होतं, म्हणून तेच रोल घेऊन काकांकडे गेले. छोटंसं दुकान, आत काचेचे तुकडे, माउंट बोर्डाचे गठ्ठे आणि भिंतीवर निम्म्या दांडिया बाजाराचे आजोबा-पणजोबा. काकांनी एक प्रिंट उलगडला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ताई, ह्याची वरची बाजू कुठली?"

मला येईना सांगता. पट्टीच नाही तर वर-खाली कळणार कसं. काकांनी प्रिंट फिरवला, परत फिरवला, आणि म्हणाले, "बघा हं, असं धरलं तर फोड आलेत, आणि असं धरलं तर खड्डे पडलेत." आणि खरंच! एकच फोटो, उलटा केला की आतलं बाहेर. तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या खड्डेच आहेत, गंजाचे, आणि मग समजावलं की इलेक्ट्रॉन टिपणारा डिटेक्टर एका बाजूला असतो, त्यामुळे त्या बाजूने उजेड आल्यासारखं दिसतं, आणि आपल्या डोळ्याला सवय उजेड वरून येण्याची, म्हणून फोटो उलटा झाला की डोळा फसतो. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दुकानात आल्या, आर्टिस्टही आली, आणि तिघं पाऊण तास प्रिंट फिरवत बसले. तीन महिन्यांत लॅबमध्ये त्या दोघींचं जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं तिथे झालं, मध्ये सेव-उसळ पण मागवून झाली.

मोठं छापू नका हेही काकांनीच सांगितलं. मूळ फोटो १२८० पिक्सेल रुंद, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, काढला तर जेमतेम सव्वाचार इंच होतो. "तेवढाच ठेवा, चारी बाजूंनी माउंट भरपूर सोडा, माणूस आपोआप जवळ येईल." (माउंट म्हणजे प्रिंटभोवतीचा जाड पुठ्ठा.) पट्टीसकट परत छापले, त्यांनी माउंटची खिडकी प्रिंटपेक्षा थोडी मोठी कापली म्हणजे बार झाकला जाणार नाही, बोर्ड ॲसिड-फ्री, आणि काचेऐवजी ॲक्रिलिक, कारण कॉरिडॉरमधून दिवसभर सिलिंडरच्या ट्रॉल्या जातात. एका फोटोच्या दोन फ्रेम केल्या, एक सुलटी एक उलटी, शेजारी-शेजारी. लोक तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात, आमचे डायरेक्टरसुद्धा मान वाकडी करून बघत होते.

फ्रेमचे साडेआठशे प्रत्येकी, फिटिंग वेगळं. जीएसटीचं बिल मिळतं, हाताने लिहिलेलं, पण अकाउंट्सने घेतलं.

अर्धा मार्क कापला कारण चार दिवस उशीर केला, फोन उचलत नाहीत, आणि तिथे पार्किंगचं तर विचारूच नका, गाडी सूरसागर तलावापाशी लावून चालत जा. दुकान दुपारी १ ते ४ बंद, काका झोपतात. खरं तर पाऊण कापणार होते. पण फिटिंगच्या वेळी अडचण अशी आली की ड्रिल लागलं की शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोपची इमेज थरथरते, तो रिकामा फक्त दीड ते अडीच, आणि काका तीन दिवस झोप सोडून, ड्रिल घेऊन, बरोब्बर दीडला गेटवर हजर होते.