मोफत तपासणीत मूल ‘अंडरवेट’ निघतं आणि डबा घरी येतो

रविवारी सकाळी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये टेबल लागतं. बॅनर: ‘मुलांची मोफत बीएमआय व फॅट तपासणी’. सात वर्षांचा मुलगा काट्यावर चढतो. वजन २३ किलो, उंची १२२ सेंटिमीटर, बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १५.५. टेबलामागच्या ताई तक्त्यावर बोट ठेवतात, “१८.५ च्या खाली म्हणजे अंडरवेट. नीट जेवत नाही ना हा?” यावर कुठली आई ‘जेवतो’ म्हणेल? दुधात घालायच्या पावडरीचा डबा तिथेच खपतो.

आकडा खरा, तक्ता चुकीचा. १८.५ ची रेघ मोठ्या माणसांची. सातव्या वर्षी बीएमआय साधारण साडेपंधराच असतो, म्हणजे हा मुलगा अगदी मधोमध. मुलांचा बीएमआय वयानुसार, मुलगा-मुलगी वेगळे धरून बघायचा. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते त्यासाठीच आहेत.

आता डबा उलटा करा. बारीक अक्षरांत साखर ‘दर १०० ग्रॅम’मागे दिलेली असते. ती ३५ ग्रॅम असेल, तर शिगोशीग दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पावडरीत, साडेदहा ग्रॅम साखर. वर घरची चमचाभर, ५ ग्रॅम. दोन वेळचं दूध मिळून ३१. अमेरिकन हार्ट असोसिएशन मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि बिस्किटं आपण अजून मोजलेलीच नाहीत.

वर्षभरात पोट सुटलं की ‘फॅट लॉस शेक’चं टेबल तयारच असतं. इथली हातचलाखी वेगळी. पहिलं वजन नाश्ता झाल्यावर, बूट-जीन्ससकट. दुसरं उपाशीपोटी, हाफ पँटवर. किलोभर तिथेच ‘उतरतो’. पायाखालचं यंत्र अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि वय-उंची धरून चरबीचा अंदाज बांधतं. अशी काही यंत्रं १८ खालचं वय घेतच नाहीत, मग बिनदिक्कत १८ टाकलं जातं. घाम आला, पाणी प्यायलं, तरी आकडा हलतो.

वाढत्या मुलाचं जेवण तोडून शेक देणं तर त्याहून वाईट. थोडं जास्त वजन असलेल्या बहुतेक मुलांचं वजन उतरवायचं नसतं, आहे तिथे थोपवायचं असतं. उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, बीएमआय आपोआप खाली येतो.

लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे. पण त्यातल्या ‘औषधा’च्या व्याख्येच्या एका भागात अन्न वगळलंय, त्याच्या आडून पावडर ‘अन्न’ म्हणून विकतात. डब्यावरचा १४ अंकी अन्नपरवाना (एफएसएसएआय) धंद्याचा असतो, दाव्याचा नव्हे.

बिल मागा. “घरचाच माल आहे, बिल कशाला?” असं उत्तर आलं तर डबा टेबलावरच राहू द्या. पैसे गेलेच असतील तर बॅनरचा, तक्त्याचा आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो, यूपीआयची नोंद हाताशी ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.