घरगुती रक्तदाबमापक : काही महिन्यांच्या वापरानंतर

औषधे सुरू करण्याची वेळ येण्याआधीच आहार, व्यायाम आणि झोप यांच्या आधारे प्रकृती सांभाळावी, या विचाराने मी दंडाला पट्टा बांधून वापरायचा स्वयंचलित रक्तदाबमापक घेतला. मनगटावरची यंत्रे आटोपशीर असतात. मात्र हात हृदयाच्या पातळीपासून थोडा वरखाली झाला तरी त्यांचे आकडे बदलतात, म्हणून ती मी विचारात घेतली नाहीत.

यंत्रापेक्षा मोजण्याची शिस्त अधिक महत्त्वाची आहे, असे माझे मत झाले आहे. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळून, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. मध्ये बोलले तरी वरचा आकडा चढतो. पट्टा दंडाच्या घेराला लहान पडल्यास रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे ब्लूटूथसारख्या सोयी पाहण्याआधी घेर मोजून घ्यावा. (त्या सोयींपैकी मला उपयोगी पडल्या त्या फक्त साठवलेल्या नोंदी.)

घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक आल्यास रक्तदाब वाढलेला मानतात. दवाखान्यात हीच मर्यादा सहसा 140/90 धरली जाते. काहींचा रक्तदाब केवळ डॉक्टरांसमोर वाढतो, तर काहींचा तेथे सामान्य येऊन घरी वाढलेला असतो, आणि हा दुसरा प्रकार घरी मोजल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

माझ्या दृष्टीने या यंत्राचा खरा उपयोग नैसर्गिक उपायांची पारख करण्यासाठी झाला. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी ठेवणे आणि नियमित चालणे यांचा परिणाम एखाद्या दिवसाच्या आकड्यात दिसला नाही, आठवड्यांच्या सरासरीत मात्र दिसला. वनस्पतिजन्य म्हणून निर्धास्तपणे घेतले जाणारे सगळेच निरुपद्रवी नसते : ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढू शकतो. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना तेही धोक्याचे ठरू शकते.

पंपाचा आवाज मोठा आहे आणि पट्ट्याची चिकटपट्टी आता सैल पडू लागली आहे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना असे यंत्र चुकीचे आकडे दाखवू शकते, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. प्रत्येक चढलेल्या आकड्याने धास्तावून पुन्हा पुन्हा मोजणाऱ्यांना मी ते घेण्याचा आग्रह करणार नाही.