लेगो घ्यावा की देशी ब्लॉक्स? कोल्हापूरच्या पालकांसाठी किमतीचा हिशेब

लेगो, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचा परदेशी खेळ, दिवसेंदिवस महाग होतोय, ही तक्रार डॉलरमध्ये हिशेब केला तर फारशी टिकत नाही. हौशी मंडळींचा जुना ठोकताळा आहे: एका तुकड्याला साधारण दहा सेंट. तो वर्षानुवर्षं चालत आलाय, म्हणजे महागाई धरली तर तुकडा उलट स्वस्त झाला. खोकी महागली ती आतले तुकडे वाढल्यामुळे, आणि त्यातले बरेचसे नखाएवढे असतात.

आपल्याकडचं गणित वेगळं. 1999 साली डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता, तेव्हा दहा सेंट म्हणजे सव्वाचार रुपये. डॉलर 85 च्या पुढे गेल्यावर तेच साडेआठ झाले. वर खेळण्यांवरचं आयात शुल्क: 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70. जीएसटी तेवढा सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला. राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला शेजारी ठेवलेल्या लेगोच्या आणि देशी खोक्याच्या किमतीत जी तफावत दिसते, त्यात शुल्काचा वाटा मोठा आहे.

उरलेले जास्तीचे पैसे मापाच्या अचूकतेचे. 1958 ची लेगोची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. उद्यमनगरात लेथवर काम केलेल्या माणसाला हे किती अवघड आहे ते सांगावं लागणार नाही. एका विटेत 0.05 मिमीचा फरक राहिला, तरी वीस विटांच्या ओळीत तो 1 मिमी होतो आणि भिंतीचा कोपरा जुळत नाही. स्वस्त सेटमध्ये पोरं वैतागतात ती इथंच. देशी सेट घेताना दुकानदाराला एक उघडा नमुना मागा. आठ-दहा विटा जोडा, उलट्या धरून हलवा. गळून पडल्या किंवा निघता निघेनात, तर तो सेट नको.

आयएसआय चिन्हावर मात्र अजिबात तडजोड करू नका. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हाखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो. बिनचिन्हाचा सुटा माल कितीही स्वस्त असो, तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर मोठे ब्लॉक्सच घ्या, लहान तुकडा घशात अडकतो. त्या वयाला चांगला देशी सेट पुरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी लेगोच घेईन, पण सिनेमातल्या गाड्या-विमानांचा नाही, साध्या विटांचा डबा. दोन बाय चार खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात; गाडी बहुधा एकदा जोडली की कपाटावर जाते. नवा सेट घेण्याआधी नात्यात किंवा शेजारी कुणाची पोरं मोठी झाली असतील तर विचारून बघा. जुन्या विटा कोमट साबणाच्या पाण्यात धुतल्या की नव्या सेटमध्ये चालतात.