जुने अभिजात चित्रपट फोर-के डिस्कवर पुन्हा विकत घ्यावेत का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जे चित्रपट आपल्या कपाटात डीव्हीडीवर किंवा ब्लू-रेवर आधीच आहेत, ते फोर-के डिस्कवर नव्याने निघाले म्हणून पुन्हा विकत घ्यावेत का, याचा विचार मुंबईत राहणाऱ्या माणसाला जरा काटेकोरपणे करावा लागतो. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे डिस्कचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले आणि डिस्क हातात घेऊन, वेष्टनावरचा मजकूर वाचून, दुकानदाराशी दोन शब्द बोलून निर्णय घेण्याची सोय त्याबरोबर गेली. आता बहुतेक खरेदी परदेशातून मागवावी लागते आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरले की एक डिस्क तीन ते पाच हजार रुपयांच्या घरात जाते. एवढे पैसे मोजायचे तर नुसत्या ‘फोर-के’ या शिक्क्यावर विसंबून चालत नाही. गेल्या पावसाळ्याआधी घरात फोर-के प्लेअर आला, तेव्हापासून मी प्रत्येक चित्रपटाची जुनी आणि नवी डिस्क एकाच प्रसंगासाठी लागोपाठ लावून पाहत आले आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की नवी डिस्क नेमकी कशावरून तयार केली, म्हणजे कोणती निगेटिव्ह किंवा प्रिंट स्कॅन केली आणि आपली जुनी डिस्क कशावरून निघाली होती, एवढे कळले की घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

आधी घरातल्या मांडणीविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे अर्धवट राहील. आमचा टीव्ही ५५ इंची आहे आणि सोफा त्याच्यापासून साधारण आठ फुटांवर, भिंतीला टेकून आहे. दादरच्या आमच्या जुन्या इमारतीतल्या हॉलमध्ये याहून वेगळी मांडणी शक्य नाही. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते, ब्लू-रेचे १९२० बाय १०८० आणि फोर-केचे ३८४० बाय २१६० बिंदूंचे. मात्र ५५ इंची पडद्यापासून सुमारे सात फुटांच्या पुढे बसले की ब्लू-रेचे बिंदूसुद्धा साध्या डोळ्याला सुटे दिसत नाहीत, त्यामुळे केवळ बिंदूंच्या संख्येचा फायदा सोफ्यावर बसून मिळत नाही. खुर्ची पाच-साडेपाच फुटांवर ओढून बसले की तो मिळतो. सोफ्यावरूनही जो फरक जाणवतो तो एचडीआरमुळे, म्हणजे प्रखर उजेड आणि गडद सावली या दोन्हींतले तपशील एकाच वेळी टिकल्यामुळे. दुसरा फरक फिल्मच्या ग्रेनचा, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या तिच्या बारीक रवाळ कणांचा. ऑनलाइन फोर-के चित्र साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंद एवढ्या प्रवाहात येते, तर फोर-के डिस्कला १०० मेगाबिटच्याही पुढे जाण्याची मुभा असते. ग्रेन हा सतत हलणारा, बारीक तपशील असल्यामुळे कमी प्रवाहात तो चिखलासारखा बसतो आणि डिस्कवर मात्र जिवंत राहतो. हे सगळे दिसण्यासाठी टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, शार्पनेस शून्यावर किंवा त्याच्या आसपास आणावा आणि फिल्ममेकर मोड, म्हणजे चित्रावर टीव्हीची प्रक्रिया न करता ते मूळ रूपात दाखवणारी सोय, असेल तर तो निवडावा. यासाठी पैसे पडत नाहीत आणि नव्या डिस्कचा निम्मा फायदा इथेच पदरात पडतो.

पुन्हा घेतल्याचे सर्वांत जास्त समाधान मला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ने दिले. १९६२चा हा चित्रपट ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर चित्रित झालेला आहे आणि त्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने ती निगेटिव्ह ८-के क्षमतेने स्कॅन करण्यात आली. विहिरीजवळच्या प्रसंगात ओमर शरीफ मृगजळातून उंटावर येताना दिसतात, तो प्रसंग मी दोन्ही डिस्कवर अनेकदा पाहिला. डीव्हीडीवर क्षितिजापाशी आधी नुसती थरथर असते आणि बऱ्याच वेळाने तिच्यातून एक काळा डाग वेगळा होतो. फोर-केवर तो ठिपका कितीतरी आधी सापडतो, त्याच्याखाली पाण्यासारखी हलणारी पट्टी स्पष्ट दिसते आणि उंटाचे पाय जमिनीला टेकतात की नाही, हा संभ्रम खऱ्या मृगजळासारखा डोळ्यांसमोर घडतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्या दृश्यासाठी मुद्दाम वापरलेल्या लांब पल्ल्याच्या लेन्सचे काम काय होते, ते मला या डिस्कवर प्रथमच नीट कळले. पण एका स्नेह्यांकडे याच चित्रपटाची २०१२ची ब्लू-रे आहे आणि ती याच स्कॅनवरून निघालेली आहे. ती शेजारी लावून पाहिल्यावर वाळूवरची तिरीप आणि आकाशातल्या निळ्या छटा यांतच काय तो फरक दिसला. त्यांनी पुन्हा खर्च करू नये, असे मी त्यांना सांगितले. शिवाय २०२०मध्ये ही फोर-के डिस्क सुरुवातीला सहा चित्रपटांच्या संचातच मिळत होती. त्या संचात १९८२चा ‘गांधी’ही असल्याने आमच्या घरी तो खर्च सुसह्य वाटला, पण एका चित्रपटासाठी सहा गळ्यात पडणार असतील तर सुटी डिस्क निघण्याची वाट पाहावी.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि मला ते अतिशय जिव्हाळ्याचे वाटते. १९९३मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. अभिजात चित्रपटांच्या डिस्क काढणारी क्रायटेरियन ही कंपनी आणि अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीचे फिल्म अर्काइव्ह यांनी ते अवशेष इटलीतल्या बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेकडे सोपवले. तिथल्या तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेली फिल्म ग्लिसरॉल, ॲसिटोन आणि पाणी यांच्या मिश्रणात भिजवून मऊ केली, जळालेल्या कडा आणि तुटलेली छिद्रे हाताने दुरुस्त केली आणि मग ती स्कॅन केली. एवढे करूनही ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून थोडा अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून घेता आला. ‘अपूर संसार’ची उरलेली रिळे वापरण्याच्या पलीकडे गेल्याने तो पूर्ण चित्रपट फाइन-ग्रेन मास्टर आणि डुप्लिकेट निगेटिव्ह, म्हणजे मूळ निगेटिव्हपासून निघालेल्या प्रती, यांवरून तयार करावा लागला.

ही माहिती हाताशी ठेवून डिस्क पाहिली की पडद्यावर तिचा अर्थ लागतो. ‘पथेर पांचाली’त काही दृश्यांत अपूच्या बहिणीच्या, दुर्गेच्या, ओल्या केसांची बट न् बट आणि घरातल्या वृद्ध इंदिर ठाकरुण यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हात लावावासा वाटेल इतक्या स्पष्ट आहेत, मधूनच एखादे दृश्य थोडे मऊ, थोडे धुरकट होते आणि पुन्हा पहिल्यासारखे होते. हा डिस्कचा दोष मानू नये. आगीतून जेवढे वाचले तेवढे प्रामाणिकपणे दाखवल्याची ती खूण आहे आणि त्या मऊ दृश्यांवर कृत्रिम धार चढवण्याचा मोह संबंधितांनी टाळला, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. आता पुन्हा घेण्याबद्दल. ज्यांच्याकडे या चित्रपटांची जुनी डीव्हीडी आहे, त्यांनी अवश्य नवा फोर-के संच घ्यावा, कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांच्याकडे २०१५ची ब्लू-रे आहे, त्यांच्याकडे हेच रिस्टोरेशन, म्हणजे दुरुस्त करून स्कॅन केलेले हेच चित्र, आधीच आलेले आहे. त्यांना फोर-केमध्ये ग्रेन अधिक मोकळा आणि सावल्या अधिक खोल दिसतील, पण ‘अपूर संसार’मध्ये तर मूळ साधनातच नसलेला तपशील कोणत्याही डिस्कवर येणार नाही.

चित्राइतकाच ध्वनीचाही विचार करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’चे १९९६मध्ये रिस्टोरेशन झाले, तेव्हा पावलांचे, दारांचे आणि इतर आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करून बसवले गेले होते. फोर-के डिस्कवर त्या ध्वनीबरोबर १९५८ची मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, ध्वनिपट्टीही दिलेली आहे. आमच्या सासऱ्यांनी हा चित्रपट तरुणपणी चित्रपटगृहात पाहिलेला आहे. दोन्ही ध्वनिपट्ट्या ऐकवल्यावर ते म्हणाले, “सूनबाई, ही दुसरीच लाव, हिच्यात आवाज माणसांच्या जवळ आहेत.” मलाही मोनोच अधिक एकसंध वाटली. वेष्टनावर मूळ ध्वनिपट्टीचा उल्लेख नसेल, तर डिस्क मागवण्याआधी त्याची खात्री करून घ्यावी.

नवी आवृत्ती जुनीपेक्षा वाईट असू शकते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ‘प्रिडेटर’ची २०१०ची ब्लू-रे ग्रेन पुसण्याच्या नादात मेणाच्या पुतळ्यांचा चित्रपट होऊन बसली होती. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या २००९च्या ब्लू-रेवर दिग्दर्शकाने रंगसंगतीच बदलली आणि खुद्द छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केल्यानंतर पुढे वेगळ्या रंगांची आवृत्ती काढावी लागली. २०२४मध्ये ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’ फोर-केवर आले, तेव्हा चेहऱ्यांवरून संगणकाचा हात इतका फिरलेला होता की त्वचेचा पोत हरवल्याची तक्रार अनेकांनी केली. मी ‘एलियन्स’ एका परिचितांकडे पाहिला आणि माझी जुनी ब्लू-रे ठेवण्याचा निर्णय घेतला. ‘दिग्दर्शकाच्या मान्यतेने’ हे शब्द वेष्टनावर असले, तरी निश्चिंत होऊ नये, हे या उदाहरणांवरून दिसते. नवी डिस्क निघाल्यावर दोन-तीन महिने थांबावे आणि दोन्ही आवृत्त्यांतल्या एकाच दृश्याची चित्रे शेजारी-शेजारी पाहायला मिळाली की मगच ठरवावे.

मुंबईतल्या ग्राहकासाठी रीजनचा, म्हणजे डिस्क जगातल्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हा, मुद्दा महत्त्वाचा आहे. फोर-के डिस्कला रीजनचे बंधन नाही, त्यामुळे अमेरिकेची किंवा ब्रिटनची डिस्क इथल्या प्लेअरवर विनासायास चालते. त्याच डबीत जोडीला येणाऱ्या ब्लू-रेला मात्र ते असू शकते. भारत रीजन सीमध्ये येतो आणि अमेरिकी डिस्क बहुधा रीजन एची असते. अनेक संचांत मुलाखती आणि माहितीपट या ब्लू-रेवरच दिलेले असतात, म्हणजे अर्धी डबी बंदच राहते. प्लेअरचा प्रश्नही सोपा नाही, कारण ओप्पो आणि सॅमसंग यांनी फोर-के प्लेअर बनवणे केव्हाच थांबवले आहे. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला प्लेअर आहे, त्यांनी तो जपावा.

पावसाळ्यात डिस्क सांभाळणे हे वेगळेच काम आहे. १०० जीबीच्या डिस्कमध्ये माहितीचे तीन थर असतात आणि बोटाच्या एका पुसट ठशानेही चित्र मध्येच गोठते, असा माझा अनुभव आहे. एका विक्रेत्याने पातळ कागदी पाकिटात पाठवलेली डिस्क डबीतून सुटून घासली गेली होती आणि दुसऱ्या थराशी येताच अडकत असे. बदलून मिळायला बरीच पत्रापत्री करावी लागली. जुलैत बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात वेष्टनांचे कागद सादळले आणि काही जुन्या डीव्हीडींवर बुरशीचे ठिपके आले. आता सगळ्या डब्या आतल्या भिंतीच्या कपाटात उभ्या ठेवल्या आहेत, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहते आणि डिस्क नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ पुसते, गोल कधीच नाही.

आपल्या भाषेतल्या आणि हिंदीतल्या अभिजात चित्रपटांकडे वळले की मन खट्टू होते, कारण तिथे ‘पुन्हा घ्यावे का’ हा प्रश्न येण्याइतपतही आवृत्त्या निघत नाहीत. माझ्याकडचे कित्येक मराठी चित्रपट व्हीसीडीवरच आहेत; चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, कोपऱ्यात शेवटपर्यंत कंपनीचे चिन्ह आणि काही ठिकाणी वरखाली कापलेली चौकट. हे काम आपल्याकडे होऊ शकत नाही असे मुळीच नाही. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांच्या १९७६च्या ‘मंथन’चे रिस्टोरेशन केले, ते २०२४मध्ये कान महोत्सवात दाखवले गेले आणि त्यानंतर आपल्या चित्रपटगृहांतही आले. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभ्या केलेल्या त्या चित्रपटाची निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, तर ध्वनी फाउंडेशनकडच्या प्रिंटवरून घ्यावा लागला. मी तो मोठ्या पडद्यावर पाहिला आणि गोविंद निहलानी यांच्या छायालेखनातले ते धुळकट तपकिरी रंग पहिल्यांदाच खरे वाटले. अशा दर्जाची डिस्क कोणी काढली, तर आधीच्या सगळ्या आवृत्त्या घरात असल्या तरी मी ती त्याच दिवशी घेईन.

नवी डिस्क आली म्हणून जुनी लगेच काढून टाकू नये, हेही सांगायला हवे. पुष्कळदा जुन्या डीव्हीडीवरचे दिग्दर्शकाचे निवेदन किंवा तंत्रज्ञांच्या मुलाखती नव्या आवृत्तीत हक्कांच्या कारणाने गाळलेल्या असतात, आणि रंग बदलले गेले असतील तर आधीचे रंग पाहण्याचा तोच एक मार्ग उरतो. मराठी व्हीसीडी तर चित्र कितीही सुमार असले तरी जपाव्यात आणि जोवर त्या वाचल्या जात आहेत तोवर त्यांची प्रत हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावी. मी सध्या फावल्या वेळात तेच करत आहे.